मिरी बसते तेव्हा

माझ्या बायकोनं, नीलानं, तिच्या शेवटच्या आजारपणात मला एकच सूचना निक्षून दिली होती, आणि ती कुत्रीबद्दल होती.

"आता थोडेच दिवस राहिलेत असं नर्सनं सांगितलं, की मिरीला कॅरनकडे पोचव," ती म्हणाली. "मी जाईन तेव्हा ती घरात नको."

मी म्हटलं, "अगं, राहू दे की तुझ्याजवळ. तुलाही बरं वाटेल."

"मी गेले की ती येऊन समोर बसेल आणि बॉलची वाट बघेल. द्यायला मी नसेन. तू तुझ्या नादात असशील. ती बिचारी तशीच बसून राहील."

मिरी ही आमची काळी लॅब्रेडॉर. मेलेली माणसं शोधणं हे तिचं काम. सापडलं की भुंकायचं नाही, उकरायचं नाही. त्या जागी शांतपणे खाली बसायचं आणि नीलाच्या डोळ्यांत बघायचं, एवढंच तिला शिकवलेलं होतं. नीला "शाबास" म्हणून बॉल फेकेपर्यंत ती तिथून हलत नसे.

नीलानं सांगितलं तसं मी केलं. कॅरन म्हणजे आमच्या शोधपथकाची प्रमुख. ती येऊन मिरीला घेऊन गेली. गाडीत चढण्याआधी मिरी थबकली, घराकडे वळली आणि नाक वर करून बराच वेळ उभी राहिली. कॅरननं माझ्याकडे बघायचं टाळलं. नीला त्यानंतर दोन दिवसांनी गेली.

आता मिरी परत माझ्याकडे असते. म्हातारी झाली आहे, निवृत्त झाली आहे, माझ्यासारखीच.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी ‘नोकरीतले अनुभव’ मागितले. मी अमेरिकेत, बेलव्ह्यूत, आयुष्यभर डेटाबेस सांभाळले. सर्व्हर पडला, उभा केला. पुन्हा पडला, पुन्हा उभा केला. यावर कोणाचा फराळ गोड होणार? म्हणून माझ्या दुसऱ्या, बिनपगारी नोकरीबद्दल लिहितो. मी माझ्या बायकोचा असिस्टंट होतो. शोध चालू असताना कुत्र्याच्या मालकाची नजर फक्त कुत्र्यावर असते. तो स्वतः कड्यावरून खाली जाऊ नये म्हणून मागं एक माणूस लागतो. नकाशा, वायरलेस, पाणी, कुत्र्याचं पाणी, सगळं त्याच्या पाठीवर. इंग्रजीत त्याला काही तरी रुबाबदार नाव आहे. मी स्वतःला हमाल म्हणायचो.

नीला नागपूरची. रसायनशास्त्रात पीएचडी करायला इथं आली आणि वासात अडकली. एका लॅबमध्ये बरीच वर्षं ती अन्न खराब होतं तेव्हा त्यातून कुठली रसायनं हवेत सुटतात, ते शोधत होती. मग लॅब सोडून कम्युनिटी कॉलेजात शिकवायला लागली. तिचा पहिला तास दरवर्षी तोच असे. वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात एक छोटी बाटली उघडून ठेवायची आणि सांगायचं, वास आला की हात वर करा. मग मागच्या बाकांपासून हात वर येऊ लागत, हळूहळू पुढे सरकत, जणू कोणी न दिसणारं माणूस बाकांमधून चालत फळ्याकडे येतंय. सगळे हात वर झाले की नीला म्हणायची, "वास आला, याचा अर्थ त्या वस्तूचा एक तुकडा आत्ता तुमच्या नाकात आहे. खराखुरा तुकडा."

एखादा तरी विचारायचाच, "एव्हरीथिंग, प्रोफेसर? ज्याचा ज्याचा वास येतो ते सगळं?"

"एव्हरीथिंग."

आधी हसू फुटायचं, मग हळूहळू वर्ग गप्प व्हायचा. मी एकदा मागच्या बाकावर बसून ते गप्प होणं ऐकलं आहे.

कुत्र्यांच्या नादाला ती लागली शेजारच्या देशमुखांमुळे. त्यांचे वडील, आम्ही त्यांना काका म्हणायचो, काकूंबरोबर अमरावतीहून आले होते, विसरभोळे झाले होते. एक दिवस फिरायला म्हणून बाहेर पडले ते आलेच नाहीत. पोलीस झाले, ड्रोन झाला, आम्ही सगळे हाका मारत फिरलो. शेवटी कोणाची तरी शोधकुत्री आली, काकांच्या मफलरचा वास घेतला आणि ट्रेलच्या, म्हणजे जंगलातल्या पायवाटेच्या, खालच्या ओढ्यात, ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळीत, त्यांना जिवंत शोधून काढलं. काका काकूंवर चिडलेले होते, बाकी ठीक. नीला त्या कुत्रीकडे अशी बघत होती, की मला वाटलं आता ही तिच्या पाया पडते. "आमच्या लॅबचं सगळ्यात महागडं मशीन हिच्यापुढं खेळणं आहे रे," ती म्हणाली.

ती पथकात गेली तेव्हा मला वाटलं, जिवंत माणसं शोधणारा कुत्रा तयार करील. तिनं दुसरा निवडला.

"हरवलेल्या जिवंत माणसाला शोधायला सगळं गाव येतं," तिचं म्हणणं. "मेलाय हे नक्की झालं की एकेक जण घरी जातो. घरचे तेवढे राहतात."

अशा कुत्रीला शिकवायला माणसाचेच नमुने लागतात. दात, रक्ताचे बोळे, बाळंतपणानंतर कोणी रीतसर दान केलेली वार, जुनं हाड. ते सगळं आमच्या गॅरेजमधल्या छोट्या फ्रिजमध्ये, एकात एक बरण्यांत. वरती नीलाच्या अक्षरात मराठीत कागद: ‘हा श्रीखंडाचा फ्रिज नाही.’ आमची मुलगी अदिती फ्रीमाँटला असते. लग्न ठरल्यावर होणारा नवरा पहिल्यांदा घरी आला, तेव्हा तिनं गॅरेजला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवली होती. "आई, प्लीज, लग्न होईपर्यंत," एवढंच म्हणाली.

लपवायची गोष्ट लपत नसे. एकदा जेवायला आलेल्या एका डेंटिस्ट पाहुण्यांसमोर मिरी जाऊन बसली आणि नीलाकडे बघायला लागली. पाहुणे थेट क्लिनिकमधून आले होते. त्यांना वाटलं, कुत्रीला पुरी हवी. नीलानं त्यांना खरं कारण सांगितलं, सगळे खूप हसले, आणि पाहुण्यांनी दुसऱ्यांदा पुरी घेतली नाही.

मग लोकांचे फोन यायला लागले. घर विकत घेणारी आपली तरुण मंडळी. "काकू, ऑफर द्यायच्या आधी मिरीला एक चक्कर मारायला आणाल? बेसमेंट जरा क्रीपी आहे यार." नीला कधीच गेली नाही. शेरीफच्या, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखाच्या, ऑफिसनं बोलावल्याशिवाय जायचं नाही, हा पथकाचा नियम होताच. पण ती त्यांना वेगळं उत्तर द्यायची. "अरे, माणसं राहिली तिथं माणसं मेली असणारच. ती बसली तर घर सोडणार, आणि नाही बसली तर काय, तुम्ही अमर?"

मला या कामाची भीती वाटली का, असं अदितीनं मला एकदा विचारलं. मुडद्यांची नाही वाटली. प्रत्यक्ष मुडदा आम्ही फार थोड्या वेळा पाहिला. ते काम दुसऱ्यांचं. भीती वाटायची ती मिरीच्या बसण्याची. चांगली शेपटी हलवत, फुलपाखरामागं जात चाललेली कुत्री अचानक नाक फिरवते, वळते, दोन पावलं टाकते आणि खाली बसते. समोर काहीही नसतं. गवत असतं, ऊन असतं. आणि ती नीलाकडे बघते, ‘हे काय, इथं तर आहे’ अशा साध्या नजरेनं.

एकदा डोंगराच्या पायथ्याशी एक ट्रेल रुंद करायचा होता. जुन्या लाकूडगिरणीच्या वस्तीची कुठं तरी स्मशानभूमी होती असं म्हणत, पण जागा कोणाला ठाऊक नव्हती. आम्हाला बोलावलं. सकाळची वेळ, उंच फर झाडं, धुकं इतकं खाली आलेलं की शेंडे दिसत नव्हते. मिरी बसली. नीलानं तिथं छोटं लाल निशाण खोचलं, बॉल दिला. मिरी थोडी पुढं गेली, पुन्हा बसली. पुन्हा. पुन्हा. बॉलचं तिचं कौतुकही संपलं. ती नुसती बसत होती, उठत होती. मी मागून निशाणांची पिशवी घेऊन. उतार संपल्यावर मी सहज मागं वळून पाहिलं आणि माझे पाय थांबले. जंगलात सरळ रांगा उभ्या होत्या, सारख्या अंतरावर, एखाद्या वर्गातल्या बाकांसारख्या. एका कडेला काही निशाणं फार जवळजवळ पडली होती.

मी म्हटलं, "इथं तिचा गोंधळ झाला का?"

नीलानं मान हलवली. "लहान मुलं असतील," ती म्हणाली.

ट्रेल दुसरीकडून नेला. आज लोक तिथून जवळूनच सायकली चालवत जातात.

याच काळात मला कोविड झाला आणि माझा वास गेला. तो धड परत आलाच नाही. जिचं आयुष्य वासात गेलं तिचा नवरा मी, आणि मला फोडणी जळलेली कळत नाही. नीला होती तोवर तो आमच्या घरातला विनोद होता. ती गेल्यावर एक दिवस मी तिचं कपाट उघडलं. साड्या होत्या, शाली होत्या, जंगलातलं जाकीट होतं. चेहरा आत घालून उभा राहिलो. काही नाही. कापूस. पण तेव्हापासून मिरी दुपारची झोप त्या कपाटापाशीच काढते. फटीशी नाक लावून. तिला नीला अजून येते. मी त्या खोलीत मुद्दाम जात नाही. दोघींच्या मध्ये गेल्यासारखं वाटतं.

आता त्या तळ्याबद्दल सांगतो. आमच्या कामात लक्षात राहिलेलं तेच.

ओंकार नावाचा मुलगा चाळीसगावहून एम.एस. करायला आला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मित्रांबरोबर डोंगरातल्या एका तळ्यावर गेला. वर हवा गरम, पण पाणी बर्फाचं वितळलेलं. लाकडी धक्क्यावरून भाड्यानं घेतलेल्या पॅडलबोर्डवर, म्हणजे तरंगत्या फळ्यांवर, बसून पोरं वल्हवत आत गेली, ओंकारनं उडी मारली आणि वर आलाच नाही. अशा गार पाण्यात छाती आखडते. पोहता येत असलं तरी. मित्र इतके हादरले होते की प्रत्येक जण वेगळी जागा दाखवत होता. पाणबुडे उतरले. आई-वडील तातडीचा व्हिसा काढून आले, तोवर आठवडा उलटला होता आणि काही सापडलं नव्हतं. मग मिरीला बोलावलं.

पाण्यात बुडालेल्या माणसाचाही वास येतो. तळातून बारीक बुडबुडे आणि तेलकट कण वर येतात, वाऱ्यावर पसरतात. कुत्री होडीच्या टोकाशी उभी असते. वास पक्का झाला की पाण्याकडे वाकते, पाणी चावायला बघते. मात्र वास सरळ वर येत नाही. गार थर, प्रवाह, वारा त्याला ओढत नेतात. कुत्री सांगते ती वासाची जागा. माणसाची जागा त्यावरून काढावी लागते. नीला त्यात हुशार होती.

ते तळं मला पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. काळपट हिरवं, पापणी न हलवता बघणारं. पूर्वी कधी तरी दरड कोसळून ओढा अडला आणि जंगल उभंच्या उभं पाण्याखाली गेलं. ती झाडं अजून तळाशी उभी आहेत, पानं नसलेली, पण उभी. पाण्याखालचं दाखवणाऱ्या सोनार यंत्राच्या पडद्यावर ती माणसांसारखी दिसतात. एक पाणबुडा कॅरनला म्हणाला, खाली गेलं की गर्दीत उतरल्यासारखं वाटतं.

मिरीनं पहिल्या दिवशी धक्क्यावरच मान वळवली. होडीत चढायच्या आधीच फळ्या हुंगायला लागली, कडेशी गेली, पाण्याकडे वाकली आणि बसली. नीलानं वारा पाहिला. डोंगरावरून धक्क्याकडे येत होता. म्हणजे धक्क्यासमोरच्याच पाण्यातून वास येतोय असं तिनं अनुमान काढलं. पाणबुड्यांनी तो भाग पुन्हा धुंडाळला. ओंडके मिळाले. दुसऱ्या दिवशी मिरी धक्क्यावर अजून ठामपणे बसली. पाणबुडे पुन्हा उतरले. काही नाही. शेरीफचा माणूस सभ्य होता. त्यानं फक्त विचारलं, उद्याचा एक दिवस करू आणि मग थांबू का?

ओंकारची आई संगीताताई रोज सकाळपासून त्या धक्क्यावर बसलेल्या असायच्या. मांडीवर मोठी काळी पर्स. मंडळाच्या बायका डबे घेऊन यायच्या. संगीताताई डब्याला हात लावायच्या आणि परत द्यायच्या. वडिलांचं गावात दुचाकींचं गॅरेज. ते बोलत नसत. एकदाच होडीच्या मोटरचा आवाज ऐकून मला म्हणाले, "प्लगमध्ये कचरा आहे हिच्या."

त्या दुसऱ्या दिवशी दुपारी होडी परत आली. मिरी उतरली, धक्क्यावरून चालत सरळ संगीताताईंपाशी गेली आणि त्यांच्या समोर खाली बसली. मग मान वळवून तिनं नीलाकडे पाहिलं.

डबे घेऊन आलेल्या बायकांपैकी एकीला मिरीचं बसणं म्हणजे काय ते ठाऊक होतं. तिच्या हातातलं झाकण फळ्यांवर पडलं. मी पुढं होऊन मिरीचा पट्टा धरणार होतो. नीलानं हातानं मला थांबवलं.

"ताई, ही माझ्यापुढं का बसली?" संगीताताईंनी विचारलं.

नीला कुत्रीबद्दल कधीच खोटं बोलत नसे, कोणाशीही. ती त्यांच्या शेजारी फळ्यांवर मांडी घालून बसली. "तुमच्याजवळ ओंकारचं काही आहे का? कपडे म्हणत नाही मी. त्याच्या अंगाचं काही?"

त्यांनी पर्स पोटाशी घट्ट धरली. मग चेन उघडली, रुमालाची गाठ सोडली. आत चांदीची छोटी डबी होती.

"नाळ आहे त्याची," त्या म्हणाल्या. "जन्मल्यापासून जपलीय. विमानात हातातच धरली होती."

"इथं उघडली होती का कधी?"

"रोज सकाळी. पाण्याला लावते जराशी, इथूनच. तुम्ही लोक यायच्या आधी." त्यांनी धक्क्याच्या कडेकडे हात केला. "म्हटलं, त्याला ओळख पटेल. आई आलीय, कळेल."

मिरी बसूनच होती. नीलानं खिशातून बॉल काढून तिला दिला, कारण मिरीचं काही चुकलं नव्हतं. मग तिनं, कॉलेजात शिकवायची तशाच साध्या शब्दांत, संगीताताईंना वास म्हणजे काय ते सांगितलं. "तुमच्या डबीतला ओंकार आणि पाण्यातला ओंकार हिच्या नाकाला एकच आहे. तुमच्याजवळचा आधी सापडतो, म्हणून ती तोच दाखवते. उद्या आम्ही तळ्याच्या पलीकडून होडी घालू. पण ही डबी उद्या इथं नको. पर्सही नको. लांब न्यायला हवी."

"एवढीच राहिलीय," संगीताताई म्हणाल्या. "तीही नेणार?"

बायका रडत होत्या. वडील होडीकडे बघत उभे होते, त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिचं नाव घेऊन बोलले. "संगीता, दे."

"उद्या देते," त्या म्हणाल्या. "आजची रात्र राहू दे माझ्याजवळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या मोटेलवर गेलो. संगीताताई न्हाऊन, मंडळातल्या कोणाचे तरी धुतलेले कपडे घालून दारात उभ्या होत्या. पर्स दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. "भाऊ, मागं डिकीत टाकू नका," एवढंच म्हणाल्या.

मी ती शेजारच्या सीटवर ठेवली आणि निघालो. नीला, मिरी, कॅरन तोवर तळ्याच्या पलीकडे पोचल्या होत्या. मला फक्त दूर जायचं होतं, वारा वाहत जातो त्या बाजूला, म्हणजे डबीचा वास तळ्याकडे येणार नाही. रस्ता डोंगर उतरत होता, झाडांच्या सावल्यांतून. थोडं पुढं गेलो आणि गाडी टिंग टिंग करायला लागली. डॅशबोर्डवर लाल दिवा: शेजारच्या प्रवाशानं बेल्ट लावलेला नाही.

पर्स जड होती. त्यात त्यांच्या कुठल्या कुठल्या वस्तू असणार. किराण्याची पिशवी ठेवली तरी गाडी असंच करते, हे मला माहीत होतं. आयुष्यभर मशीनबरोबर काम केलेला माणूस मी. तरी मी दोनदा शेजारी वळून पाहिलं. आवाज थांबेना. मी गाडी कडेला घेतली, पलीकडे वाकलो, बेल्ट ओढला आणि पर्सवरून नेऊन खटकन लावला. गाडी गप्प झाली. मग त्या शांततेत कोणी तरी बरोबर असल्यासारखे आम्ही पुढं निघालो. मी रेडिओ लावला नाही. गरम होत होतं म्हणून एसी लावला आणि लगेच बंद केला. मनात आलं, इतके दिवस गार पाण्यात आहे पोरगं. वळणावर मी सवयीनं हात आडवा धरला, अदिती लहान असताना धरायचो तसा. माझं मलाच विचित्र वाटलं. पण पुढच्या वळणावर पुन्हा धरला.

खालच्या गावातल्या एका दुकानाच्या पार्किंगमध्ये थांबलो. कॉफी आणायला उतरावंसं वाटत होतं, पण गाडीत एकटं सोडून जावंसं वाटेना. काचा थोड्या खाली करून बसून राहिलो. एक म्हातारी अमेरिकन बाई ट्रॉली ढकलत गेली; बेल्ट लावलेल्या पर्सकडे बघून माझ्याकडे हसली. मीही हसलो.

तिकडे काय झालं ते नीलानं नंतर सांगितलं. पलीकडच्या काठावर फळ्या नव्हत्या, डब्या नव्हत्या, फक्त वारा होता. मिरी होडीत बराच वेळ नुसती उभी राहिली, शेपटी खाली. नीलाला वाटलं, संपलं. मग ओढा तळ्याला मिळतो त्या बाजूला, मित्रांनी दाखवलेल्या सगळ्या जागांपासून लांब, मिरीनं मान फिरवली, पुढचे पाय होडीच्या काठावर ठेवले आणि पाणी चावलं. नीलानं होडी उलट सुलट फिरवायला लावली. दर वेळी मिरी त्याच पट्ट्यात वाकत होती. नीलानं प्रवाहाचा हिशेब करून पट्ट्याच्या वरच्या बाजूचा तुकडा दाखवला. सोनार फिरवलं. पडद्यावर नेहमीची उभी झाडं आली, ओळीनं. आणि त्यांच्यामध्ये एक आकार, जो झाड नव्हता. नीला म्हणाली, "तो पण उभाच होता रे. फांद्यांनी धरून ठेवल्यासारखा."

माझ्या फोनवर तिचा मेसेज आला: ‘सापडला. ये.’

वर चढताना मी गाडी सावकाश चालवली. का, ते सांगता येणार नाही. बातमी ओंकारच्या आई-वडिलांना कळलेली होती. तरी मीच ती घेऊन चाललोय असं वाटत होतं. तळ्याकडे जाणाऱ्या फाटकाशी पोचलो तेव्हा शेरीफच्या लोकांनी कापडाचा तंबू उभारला होता. वडील तंबूच्या तोंडाशी पाठमोरे उभे होते. नीला खाली, पाण्याजवळ, मिरीला टॉवेलनं पुसत होती.

संगीताताई फाटकापाशी येऊन थांबल्या होत्या. माझी गाडी दिसताच पुढं आल्या. त्यांचे डोळे कोरडे होते. मी उतरून पलीकडे गेलो, दार उघडलं, बेल्ट सोडला आणि पर्स त्यांच्या हातात दिली.

त्यांनी चेनवरून बोटं फिरवली. मग माझ्याकडे बघून, पाहुण्यांकडे पोर ठेवून परत न्यायला आलेली आई विचारते त्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, त्रास नाही ना दिला त्यानं?"

"नाही हो," मी म्हटलं. "अगदी शांत बसला होता. बेल्ट लावून."

"घरी कधी लावायचा नाही," त्या म्हणाल्या, आणि पर्स छातीशी धरून तंबूकडे चालू लागल्या.